तबकडीच्या कागदावर नसलेले नाव

कळंबला लग्नसराईत वरात निघाली, की बँडवाल्यांच्या वाजवण्यात 'अलबेला'तले एखादे गाणे आजही केव्हातरी येतेच. नाचणारी मुले मास्टर भगवानच्या पावलांची नक्कल करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेलाही नसतो. क्लॅरिनेटवाला चाल वाजवतो आणि दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत ट्रम्पेटवाला एक लहानसा तुकडा टाकतो. त्या तुकड्याला शब्द नाहीत, तो कोणी गात नाही. परंतु तो गाळला तर नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. बँडमधल्या नवशिक्या पोरालाही तो पाठ असतो.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला 'अलबेला'ची एक जुनी तबकडी मिळाली. मधल्या गोल कागदावर चित्रपटाचे नाव होते, लता मंगेशकर आणि चितळकर ही गाणाऱ्यांची नावे होती, सी. रामचंद्र हे संगीतकाराचे नाव होते. तबकडी वाजवली, तेव्हा त्या तीन मिनिटांत आणखी दहाबारा माणसे श्वास घेत होती, टाळ धरीत होती, फुंकत होती. त्यांच्यासाठी कागदावर जागा नव्हती. वरातीत ट्रम्पेटवाला जो तुकडा टाकतो, त्याच्या मागे उभे असलेले एक मोठे नाव चिक चॉकलेट यांचे आहे. ह्या लेखात मला त्यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी लिहावयाचे आहे, आणि थोडेसे आपल्या समाजात त्यांच्याविषयी जे बोलले जाते त्याविषयीही.

आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव. जन्म १९१६ साली, बार्देशमधील हळदोणे गावी. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त मुलांना आधी स्वरलिपी वाचायला शिकवीत, मग व्हायोलिन हाती देत. सणाच्या मिस्सेसाठी गायनवृंद तयार करावा हा त्यामागचा हेतू. पण त्या शिक्षणाने काही पिढ्यांना एक अशी विद्या दिली, जी त्या काळच्या हिंदुस्थानात फार थोड्यांजवळ होती. कागदावर लिहिलेले संगीत पहिल्या नजरेत वाचून वाजवता येणे, ही ती विद्या. मुंबई, कलकत्ता, रंगून येथील हॉटेले, पलटणींचे बँड, मूकपटांचे वाद्यवृंद, जहाजे ह्या सर्वांना असे वाचणारे लागत. हळदोण्याचा हा मुलगा त्याच वाटेने निघाला.

मुंबईत तेव्हा जॅझचे वारे वाहू लागले होते. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला. १९३६ साली त्याने 'ताजमहाल' नावाचा फॉक्सट्रॉट मुंबईत ध्वनिमुद्रित केला. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला स्थिरावला आणि तेथेच १९४५ साली पटकीने वारला. ही मंडळी अमेरिकेत जे सोसत होती ते सोसण्याचा कंटाळा येऊन पूर्वेला आली होती. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून गोव्याच्या पोरांनी जॅझ शिकून घेतले. वाझ यांनी वेदरफोर्डच्या कलकत्त्याच्या बँडमध्ये वाजवले. पुढे त्यांनी 'म्युझिक मेकर्स' हा स्वतःचा वाद्यवृंद उभारला. ताजच्या शेजारी, जेथे १९७३ साली ताजचा मनोरा उभा राहिला त्या जागी, ग्रीन्स हॉटेल होते. तेथे आणि ताजमध्ये त्यांचा बँड वाजत असे. तोवर आंतोनियो वाझ हे नाव मागे पडून चिक चॉकलेट हेच नाव झाले होते, आणि त्याला 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' ही पदवी जोडली गेली होती.

ही पदवी त्यांना लाभली की भोवली, हे ठरवणे कठीण आहे. चिक पांढरा रुमाल हाती धरून वाजवीत, आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज काढून गात. श्रोत्यांना तेच हवे होते. ताजमध्ये नाचायला येणाऱ्या गोऱ्या साहेबाला व पारशी शेटजीला अस्सल आर्मस्ट्राँग प्रत्यक्ष ऐकण्याची सोय नव्हती. त्यांना त्याच्या तबकडीवरचा आर्मस्ट्राँग समोर उभा हवा होता. चाळीसच्या दशकात म्युझिक मेकर्सनी काढलेल्या नाचाच्या तबकड्या ह्याच मागणीतून निघाल्या. दहा इंचांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा. त्यात परिचित चाल एकदा सर्वांनी मिळून वाजवायची, मध्ये सोळा-बत्तीस मात्रांचा एकल तुकडा, आणि पुन्हा सर्वांनी मिळून शेवट. नाचणाऱ्यांची लय मोडता कामा नये, ही पहिली अट. अशा चौकटीत वादकाची तयारी दिसते, त्याचा स्वभाव क्वचितच दिसतो. ह्या तबकड्यांवरील चिक यांचा सूर भरदार आहे, फेक ठाम आहे, ते कोठेही धडपडत नाहीत. परंतु ते स्वतः काय म्हणतात, हे मला त्यांतून फारसे ऐकू येत नाही. आपले वाटणारे पण दुसऱ्याचे घर असते, तसे ते वादन आहे.

येथे एक तुलना मनात येते. आर्मस्ट्राँगने २८ जून १९२८ रोजी शिकागोत 'वेस्ट एंड ब्लूज' मुद्रित केले. त्या सहा जणांत ट्रॉम्बोन वाजवणारा फ्रेड रॉबिन्सन होता. तो काही थोर कलावंत नव्हे. त्याच तबकडीवर त्याचा लहानसा एकल तुकडा येतो, तो नेटका आहे इतकेच. तरीही जगात कोठेही जॅझच्या तबकड्यांची सूची उघडली, तर त्या दिवशीच्या नोंदीत त्याचे नाव आहे. तिकडे रसिकांनी १९३०च्या दशकापासून हे काम अंगावर घेतले. कोणत्या दिवशी, कोणत्या शहरात, कोण कोण बसले होते, तिसऱ्या ट्रॉम्बोनवर कोण होता, हे त्यांनी वादकांना पत्रे लिहून, प्रत्यक्ष भेटून, एकमेकांशी भांडून नोंदवले. म्हणून टॉमी डॉर्सी वा जॅक टीगार्डन यांच्यासारख्या नामवंत ट्रॉम्बोनवादकाचेच नव्हे, तर त्यांच्या मागच्या रांगेतल्या माणसाचेही संपूर्ण आयुष्य तबकडीमागून तबकडी असे वाचता येते. टीगार्डन १९५८-५९च्या हिवाळ्यात आशियाच्या दौऱ्यावर आपल्याकडेही येऊन गेला. त्याला ऐकायला गेलेल्यांत आमच्याच स्टुडिओंत रोज ट्रॉम्बोन फुंकणारे गोव्याचे कितीतरी वादक असतील. चिक चॉकलेटचे निदान टोपणनाव तरी उरले. त्यांच्या मागे बसणाऱ्या ट्रॉम्बोनवाल्याचे तेही उरले नाही.

असो. १९४७ साली गोरा साहेब गेला. १९५०मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, आणि ज्या नाचघरांवर हे बँड जगत होते त्यांचे उत्पन्न आटले. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. वादक स्टुडिओकडे वळले. जुन्या जॅझप्रेमींच्या बोलण्यात हा सारा प्रकार ऱ्हासाची कहाणी म्हणून येतो. एवढे मोठे वादक, आणि पोटासाठी त्यांना सिनेमाची गाणी वाजवावी लागली, असा त्याचा सूर असतो. मला हे मान्य नाही. चिक यांच्याबाबतीत तर मला ह्याच्या नेमके उलट वाटते.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेले. अण्णा पेटीवर चाल बांधीत, ती सरगमने लिहून घेत. वीसपंचवीस वादकांपुढे ती ठेवायची, तर प्रत्येक वाद्याचा भाग निराळा लिहावा लागे, कोणी केव्हा थांबायचे व केव्हा यायचे हे ठरवावे लागे, आणि चालीच्या मधल्या जागा भराव्या लागत. हे काम करणारा सहायक बहुधा गोव्याचा असे. 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०), 'अलबेला' (१९५१) ह्या वाटेवर अण्णांच्या गाण्यांत जो नवा पाश्चात्त्य डौल आला, त्यात चिक यांचा वाटा मोठा होता. 'अलबेला'तील 'शोला जो भडके' ऐकावे. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एवढी मंडळी तेथे आहेत, पण गर्दी नाही. लताबाईंचा आवाज सुरू होताच पितळी वाद्ये बाजूला होतात, आणि ओळ संपते न संपते तोच एक छोटा फटकारा देऊन पुन्हा दूर सरतात. त्या फटकाऱ्यात आर्मस्ट्राँग शोधू गेले तर सापडत नाही. तेथे रुमाल नाही, घोगरा आवाज नाही, लांबच लांब वरचा सूर धरून ठेवण्याची हौस नाही. चार मात्रांत जे सांगायचे ते सांगून बाजूला होणे आहे. नाचघरात बत्तीस मात्रा मिळूनही जो माणूस दुसऱ्याच्या आवाजात बोलत होता, तो येथे चार मात्रांत स्वतःच्या आवाजात बोलतो.

असे का व्हावे? मला वाटते, नाचघरात नमुना आधीच ठरलेला होता. श्रोत्याला तोच हवा होता. स्टुडिओत नमुनाच नव्हता. ठुमरीच्या वळणाच्या चालीला आणि क्यूबाच्या ठेक्याला एकत्र कसे बसवावे, हे न्यू ऑर्लीन्समध्ये कोणी आधी करून ठेवलेले नव्हते. चाल हिंदुस्थानी असल्यामुळे तिच्याखाली पाश्चात्त्य स्वरसंगती फार दाट ठेवली तर रागाचा रंग उडतो. अजिबात ठेवली नाही तर बँड पोकळ वाटतो. म्हणून बरेच काम लयीवर व तुटक तुटक उत्तरांवर सोपवावे लागले. ह्या अडचणीतून ती शैली जन्मली. मायक्रोफोनही बहुधा एकच असे, आणि सर्व एकाच वेळी वाजवीत. ट्रम्पेटवाल्याने मायक्रोफोनपासून किती दूर उभे राहायचे, ह्यावर गाणे तोलले जाई. त्या काळच्या तबकड्यांत ट्रम्पेट जणू खोलीच्या दुसऱ्या टोकाहून येतो. त्या अंतराला स्वतःचे एक सौंदर्य आहे, आणि पुढच्या काळातील अनेक मार्गांच्या ध्वनिमुद्रणात ते हरवले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो काही वाचकांना रुचणार नाही. आपल्या समाजातील मेळाव्यांत, लग्नांच्या पंगतीत, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य मी वारंवार ऐकले आहे. ही गाणी खरे तर आपल्याच लोकांनी केली. नाव मात्र दुसऱ्यांचे झाले, असे ते वाक्य. ह्या तक्रारीत सत्याचा अंश आहे, तो मी वर मांडलाच. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी, अँथनी गोन्साल्विस यांनी कित्येक संगीतकारांसाठी, फ्रँक फर्नांड यांनीही जे काम केले, त्याची नोंद कागदावर झाली नाही हे खरेच आहे. ग्रेगरी बूथ ह्या अमेरिकन संशोधकाने २००८ साली, आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली आपापल्या ग्रंथांत ह्या वादकांना पुष्कळ अंशी त्यांची नावे परत दिली. फर्नांडिस यांच्या ग्रंथासोबत तर जुन्या ध्वनिमुद्रणांची तबकडीही होती. त्याबद्दल आपण ऋणी असले पाहिजे. परंतु 'आपल्याच लोकांनी केली' असे म्हणणे म्हणजे एक नाव पुसले गेले म्हणून दुसरे पुसणे होय.

ह्याचा पुरावा चिक यांच्याच कामात आहे. 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२), 'कर भला' (१९५६) अशा मोजक्या चित्रपटांशी संगीतकार म्हणून त्यांचे नाव जोडलेले आहे. गाण्यांचा सारा जोम जर त्यांचाच होता आणि अण्णा केवळ मानकरी होते, तर हे चित्रपट दुसरे 'अलबेला' व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. त्यांतून जे एक गाणे खरोखर टिकले ते 'नादान'मधले, प्यारेलाल संतोषी यांनी लिहिलेले व तलत महमूद यांनी गायलेले 'आ तेरी तस्वीर'. ते गाणे पुन्हा एकदा शांतपणे ऐकावे अशी माझी वाचकांना विनंती आहे. त्यात नाचघर नाही, बोंगो नाही. जो माणूस हॉटेलात ट्रम्पेट उंचावून घाम पुसत असे, त्याने स्वतःच्या नावावर काही करायची संधी मिळताच एक हळुवार, जवळजवळ लाजरे असे गाणे केले. तलतच्या कंपित आवाजाखाली वाद्ये पाय न वाजवता चालतात. मला तर हे त्यांच्या सर्व कामातील सर्वांत खाजगी पान वाटते. त्यातून एवढेच कळते, की चिक यांच्यात एक संगीतकार होता, परंतु तो 'अलबेला'चा संगीतकार नव्हता. 'अलबेला'साठी अण्णा लागत होते.

आणि अण्णांनाही चिक लागत होते, हेही तितकेच खरे. 'अलबेला'तच पिलूच्या अंगाने जाणारी अंगाई आहे, तिला ट्रम्पेटची गरज नाही. १९५३चा 'अनारकली' तर त्याविनाच उभा आहे. चालीचा धनी कोण ह्याविषयी शंका राहू नये, एवढे हे पुरे आहे. परंतु अण्णांच्या चालीला जे खट्याळपण सुचे, ते उभे करायला त्या भाषेत जन्मलेला माणूस लागे. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका'त 'माका नाका' हे कोंकणी शब्द अण्णांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी घातले असे सांगतात. पुणतांब्याचा ब्राह्मण आणि गोव्याचा ख्रिस्ती एका खोलीत बसून थट्टा करीत असल्याखेरीज असले काही सुचत नाही.

उसनवारीचा प्रश्नही टाळता येणार नाही. 'समाधी'तील 'गोरे गोरे' ह्या गाण्याची चाल १९४५च्या 'डॉल फेस' ह्या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायलेल्या 'चिको चिको'शी जुळते, हे रसिकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले तर नाकारण्यात अर्थ नाही. ही उसनवारी कोणी सुचवली, अण्णांनी की त्यांच्या वादकांपैकी कोणी, हे तबकडी सांगत नाही. परंतु नाचघरांतून आलेल्या वादकांबरोबर त्यांचा सारा साठाही स्टुडिओत आला, ह्याचे आश्चर्य वाटू नये. ज्या चाली ते रोज रात्री वाजवीत, त्या सकाळी बोटांत असणारच. नाव गाळले गेल्याची तक्रार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अशा ठिकाणी कागदावर नाव नसणे सोयीचेही झाले असेल. श्रेय मागायचे तर उसनवारीचा हिशेबही मागून येतो.

कायद्याने पुढे थोडे लक्ष घातले. १९९४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात कलावंतांच्या सादरीकरणाला प्रथमच स्थान मिळाले, आणि २०१२च्या दुरुस्तीने आपले सादरीकरण आपले म्हणून ओळखले जावे असा हक्क त्यांना दिला. परंतु 'अलबेला'च्या वादकांना तेव्हा जे काही मिळाले, ते त्या दिवसाच्या कामाचे पैसे. तबकडी कितीही खपली, रेडिओवर कितीही वाजली, तरी त्यात भर पडली नाही. चिक यांना त्याविषयी काय वाटत होते, हे त्यांनी लिहून ठेवले असते तर बरे झाले असते. अण्णांनी 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आमच्या वादकांपैकी फारच थोड्यांनी लेखणी हाती घेतली. मेस्तांनी त्यांना स्वर लिहायला शिकवले होते.

तरी चिक दोनदा दिसतात. एकदा 'अलबेला'त, 'दीवाना परवाना' ह्या गाण्यात, झालरीच्या बाह्यांचे क्यूबन अंगरखे घातलेल्या आपल्या वादकांसह. अण्णा त्यांच्या कामावर इतके खूष झाले, की त्यांनी त्यांना पडद्यावर आणले, असे म्हणतात. ह्या दृश्यात चिक हसतमुख आहेत, हॉटेलातले चिक आहेत, पाहणाऱ्यांना खूष करण्याची त्यांची सवय गेलेली नाही. दुसऱ्यांदा ते दिसतात १९६६ साली, चेतन आनंद यांच्या 'आखरी खत'मध्ये. संगीत खय्याम यांचे. राजेश खन्नाचा हा पहिला चित्रपट, म्हणून लोक तो आठवतात. त्यात रात्रीच्या क्लबचे एक गाणे आहे, भूपिंदरने गायलेले, आणि तेथे ट्रम्पेट हाती घेतलेले चिक आहेत. वय पन्नास. अंगरख्याला झालर नाही. हसू नाही, रुमाल नाही. ते सूर लांबवीत नाहीत. भूपिंदरच्या जड आवाजाला जेवढे लागते तेवढेच देतात आणि पुन्हा अंधारात जातात. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ते गाणे मी कळंबच्या घरी पुष्कळदा ऐकले आहे, बहुधा रात्री, वालचंदनगरच्या बाजूची वर्दळ थांबल्यावर. परवा लग्नाच्या वरातीतल्या ट्रम्पेटवाल्याला, तो घाम पुसत चहाच्या टपरीशी उभा असताना, मी विचारले, की तो मधला तुकडा त्याला कोणी शिकवला. "मामानं," तो म्हणाला. मामांना कोणी शिकवला, हे त्याला ठाऊक नव्हते. मी त्याला चिक चॉकलेट हे नाव सांगितले. नाव ऐकून तो हसला, त्याने ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावले, आणि मग बँडमास्तरने हाक मारली म्हणून गेला.